पळायला लागलात, आता पळत कसं राहायचं

पळायला का लागलास असं कुणालाही विचारा, लगेच उत्तर मिळतं. वजन वाढलं होतं, रिपोर्टमध्ये शुगर बॉर्डरवर आली, मित्राने ओढून नेलं, ब्रेकअप झालं, घरात कुणाला तरी हार्टचा त्रास झाला आणि भीती बसली, चाळिशी आली. पण तोच माणूस चार-पाच वर्षं टिकून असेल तर त्याला विचारा की अजून का पळतोस, तो जरा विचारात पडतो आणि मग जे सांगतो त्यात वजनाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. डोकं शांत होतं म्हणतो, झोप चांगली लागते म्हणतो, ग्रुपमधली माणसं आवडतात म्हणतो, नाहीतर नुसतं "बरं वाटतं" म्हणून गप्प बसतो.

मला यातून एक गोष्ट पक्की पटलीय. ज्या कारणाने आपण सुरू करतो ते कारण फार लांब नेत नाही. टिकायचं कारण वेगळं असतं आणि ते पहिल्या दिवशी आपल्याकडे नसतंच, पळता पळता कधीतरी दोन-तीन महिन्यांनी ते सापडतं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत एकच काम, ते दुसरं कारण सापडेपर्यंत पळणं सोडायची वेळ येऊ द्यायची नाही, ना दुखापतीमुळे ना कंटाळ्यामुळे. खाली जे काही लिहितोय ते सगळं याच हिशोबाने लिहितोय, स्पीड वाढवायचा किंवा मेडल मिळवायचं असेल तर त्यासाठी वेगळं वाचावं लागेल.

आधी वजनाबद्दल बोलू, कारण सगळ्यात जास्त लोक त्यासाठी येतात आणि सगळ्यात जास्त लोक त्याच्यामुळेच सोडतात

ढोबळ हिशोब असा आहे की एक किलोमीटर पळायला आपल्या वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. म्हणजे ७० किलोचा माणूस ५ किलोमीटर पळाला तर ३५० च्या आसपास. आणि शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. आता भागाकार करा, एका किलोला ११० किलोमीटर! नवखा माणूस आठवड्याला दहा किलोमीटर करत असेल तर एक किलो उतरायला अकरा आठवडे, तेही पळून आल्यावर भूक वाढली नाही तर, आणि ती बहुतेकांची वाढते. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात काट्यावर उभं राहून ज्याला निकाल बघायचाय त्याची निराशा ठरलेली आहे, आणि त्यात त्याचा काही दोष नाही, त्याला हा हिशोब कुणी सांगितलेलाच नसतो.

वजन कमी करायचंच असेल तर जेवणाकडे वेगळं लक्ष द्या, ते काम पळण्यावर ढकलू नका. पहिले तीन महिने वजनकाटा या विषयापासून लांब ठेवा आणि दुसऱ्या गोष्टी बघा. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजा, एका मिनिटात किती ठोके पडतात ते लिहून ठेवा, नियमित पळणाऱ्यांचा हा आकडा हळूहळू खाली येतो कारण हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. तीन मजले चढून गेल्यावर बोलता येतंय का ते बघा. रात्री किती वेळात डोळा लागतो ते बघा. हे बदल वजनाच्या आधी दिसतात आणि दिसले की माणूस टिकतो.

तब्येतीचा फायदा तर लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी पळून सुरू होतो. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ५५ हजार लोकांचा अभ्यास आला होता, सरासरी पंधरा वर्षं त्यांच्या तब्येतीची नोंद ठेवलेली, त्यात पळणाऱ्यांमध्ये न पळणाऱ्यांपेक्षा एकूण मृत्यूचा धोका ३० टक्के कमी आणि हृदयविकाराने मरायचा धोका ४५ टक्के कमी दिसला, आणि मुख्य म्हणजे जे दिवसाला जेमतेम पाच-दहा मिनिटं, तेही हळू पळायचे, त्यांच्यातही फरक स्पष्ट होता. अर्थात पळणारी माणसं एरवीही थोडी जास्त काळजी घेणारी असतात, त्यामुळे सगळं श्रेय पळण्याला देता येणार नाही, पण तरी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोराचा व्यायाम करायला सांगते. पळणं साधारणपणे दुसऱ्या प्रकारात धरतात, म्हणजे आठवड्यातून तीनदा पंचवीस मिनिटं. झालं. याच्या पुढचं जे काही असेल ते आवडीसाठी.

सुरुवात कशी करायची

हृदयाचा त्रास, बीपी, डायबेटिसची औषधं चालू असतील, चालताना छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, किंवा कित्येक वर्षं काहीच हालचाल नसेल तर आधी डॉक्टरांना भेटा, यात टाळाटाळ नको. बाकीच्यांनी आधी अर्धा तास भरभर चालता येतंय का ते बघायचं. नसेल येत तर दोन-तीन आठवडे फक्त चाला, त्यात काही कमीपणा नाही.

मग चालणं-पळणं मिसळायचं. पाच मिनिटं चाला, मग एक मिनिट पळा, दीड-दोन मिनिटं चाला, परत एक मिनिट पळा, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस मोकळा. दर आठवड्याला पळायची मिनिटं थोडी वाढवायची आणि चालायची कमी करायची, जमत नसेल तर तोच आठवडा परत करायचा. ही पद्धत काही नवी नाही, काऊच टू ५ के (म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटरपर्यंत) नावाचा नऊ आठवड्यांचा जो प्रोग्रॅम जगभर चालतो तो जॉश क्लार्क नावाच्या माणसाने १९९६ मध्ये आपल्या आईला पळायला लावायचं म्हणून बनवला होता, त्याचाही पहिला आठवडा साठ सेकंद पळा आणि नव्वद सेकंद चाला असाच आहे. आणि मधे चालणं म्हणजे फसवणूक असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर पळालेल्या जेफ गॅलोवे यांनी पुढे आयुष्यभर लोकांना हेच शिकवलं, ठरवून मधे मधे चाला, अगदी मॅरेथॉनमध्येसुद्धा चाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हळू पळा. नाही, अजून हळू. पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, धाप न लागता. एकटे असाल तर स्वतःशी दोन वाक्यं मोठ्याने बोलून बघा. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर स्पीड जास्त आहे. शेजारून भरभर चालणारा माणूस पुढे निघून गेला तरी चालेल, जाऊ दे त्याला. मला तर वाटतं की "मला पळणं जमत नाही" म्हणणाऱ्यातल्या बहुतेकांना पळणं जमतं, त्यांना फक्त हळू पळता येतं हे माहीतच नसतं, शाळेत पळणं म्हणजे शर्यत एवढंच शिकवलेलं असतं, शिट्टी वाजली की जीव खाऊन सुटायचं, आणि तीच आठवण पंचवीस वर्षांनी बूट घालताना डोक्यात असते.

साध्या माणसांनी हळू पळावं ही कल्पना पसरली त्याला न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड नावाचा कोच बराचसा कारणीभूत आहे. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्याच्या हाताखाली तयार झालेल्या दोन पोरांनी, पीटर स्नेलने ८०० मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरमध्ये, एकाच दिवशी गोल्ड मिळवलं. नंतर त्याने ऑकलंडमधल्या पोट सुटलेल्या, मध्यमवयीन, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांना बोलता येईल इतक्या हळू पळायला लावलं. १९६२ च्या शेवटी अमेरिकेतला नावाजलेला कोच बिल बॉवरमन तिकडे गेला आणि त्या लोकांबरोबर पळायला उतरला, तर पन्नाशीचा बॉवरमन मागे पडला आणि सत्तरीतला एक म्हातारा त्याच्या सोबतीसाठी मागे थांबला. बॉवरमनने घरी जाऊन आपल्या गावात लोकांसाठी जॉगिंगचे वर्ग चालू केले आणि तिथून अमेरिकेत हे वेड पसरलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात पुढे कोण गेलं यापेक्षा कोण थांबलं हे महत्त्वाचं आहे.

पहिली दहा मिनिटं

याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण इथेच खूप जण हरतात. तुम्ही पळायला लागता तेव्हा पायाचे स्नायू त्याच क्षणी जास्त ऑक्सिजन मागायला लागतात, पण हृदय आणि फुफ्फुसं तो पुरवठा वाढवायला दोन-तीन मिनिटं घेतात. मधल्या त्या वेळात शरीर उसनवारीवर चाललेलं असतं. तेव्हा काय होतं बघा, पहिली तीस-चाळीस सेकंद एकदम हलकं वाटतं आणि त्यामुळे आपण नकळत जोरात जातो, मग अचानक श्वास वर चढतो, पोटऱ्या दगडासारख्या लागतात, खांदे कानापर्यंत येतात, मुठी आवळल्या जातात आणि डोकं म्हणतं की आज काही आपला दिवस नाही, उद्या बघू. नवा माणूस नेमका इथे थांबतो आणि घरी जातो, म्हणजे त्याने दरवेळी फक्त तो वाईट भागच अनुभवलेला असतो. पुढे पाच-सात मिनिटांनी श्वास एका लयीत बसतो, घाम सुटतो, पाय आपोआप पडायला लागतात, ते त्याला कधी भेटतच नाही.

यावर उपाय सोपा आहे. सुरुवातीची पाच मिनिटं चालायचंच, ती कधी खायची नाहीत. पळण्याची पहिली मिनिटं त्या दिवसातली सगळ्यात हळू. खांदे मुद्दाम खाली सोडायचे, मुठी उघडून हात एकदा झटकायचे. आणि दहा मिनिटं होईपर्यंत आजचा दिवस चांगला की वाईट हे ठरवायचं नाही. वर्षानुवर्षं पळणाऱ्या लोकांनाही पहिली दहा मिनिटं जड जातात हो, फरक इतकाच की त्यांना ते माहीत असतं.

चौथा ते आठवा आठवडा जपा

मोटिवेशनच्या नादात हे फार कुणी सांगत नाही. आपलं शरीर सगळं एकाच वेगाने तयार होत नाही. रक्तातला पातळ भाग पहिल्या एक-दोन आठवड्यातच वाढतो, स्नायूंमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा काही आठवड्यांत सुधारते, म्हणून महिन्याभरात दम लागायचा कमी होतो आणि माणसाला वाटतं की आता मी तयार झालो. पण हाडं आणि टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे पट्टे, यांना कित्येक महिने लागतात. पळताना प्रत्येक पाऊल पडतं तेव्हा जमिनीकडून अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट दणका येतो, मिनिटाला एकशे साठच्या आसपास पावलं धरली तर वीस मिनिटांत तीन हजारांवर दणके. फुफ्फुसं म्हणतात चल अजून, आणि नडगी आतल्या आत कुरकुरत असते. बहुतेकांच्या पहिल्या दुखापती मला याच काळात होताना दिसतात, उत्साह सगळ्यात जास्त असतो तेव्हा.

म्हणून या काळात जमतंय म्हणून वाढवायचं नाही, ठरलंय तेवढंच वाढवायचं. आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका असा नियम सगळीकडे वाचाल, तो काही दगडावरची रेघ नाही, पण त्यामागची भावना बरोबर आहे. त्यापेक्षा मी हे बघायला सांगेन की आजचं पळणं हे गेल्या महिन्यातल्या सगळ्यात लांब पळण्यापेक्षा एकदम खूप मोठं तर नाही ना. चार किलोमीटरच्या वर कधी गेला नाहीत आणि मित्रांबरोबर एका रविवारी आठ करून आलात, हे धोक्याचं.

दुखणं ओळखायला शिका. दोन्ही पायांत सारखं, पसरट, मंद दुखतंय, सकाळी जिना उतरताना जाणवतं आणि थोडं चाललं की मोकळं होतं, तर ते स्नायूंचं, त्याने घाबरू नका. पण एकाच पायात, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतंय, पळायला लागल्यावर कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, चाल लंगडी होतेय किंवा रात्री पडल्यावरही ठणकतंय तर पळणं त्याच दिवशी बंद आणि फिजिओ किंवा डॉक्टर. नडगीच्या हाडावर असं एका बिंदूत दुखणं म्हणजे हाडाला बारीक तडा असू शकतो, त्यावर पळत राहिलं तर महिनोन्‌महिने घरी बसावं लागतं.

आणि गुडघे. "पळून पळून गुडघे जातील" हे नातेवाईक सांगणारच. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात हौशी पळणाऱ्यांमध्ये गुडघा किंवा खुब्याची झीज साडेतीन टक्के लोकांत सापडली, काहीच न करणाऱ्यांमध्ये दहा टक्क्यांच्या थोडं वर, आणि स्पर्धेच्या पातळीवर पळणाऱ्यांमध्ये तेरा टक्क्यांच्या वर. म्हणजे आपल्यासारख्या माणसाला सोफ्यापेक्षा पळण्याची भीती कमी. ज्यांचा गुडघा आधीच दुखावलेला आहे किंवा ऑपरेशन झालंय त्यांनी मात्र हे आकडे बघून निघू नये, डॉक्टरांना विचारूनच.

शूजवर पटकन सांगतो. जो बूट पायात घातल्या घातल्या आरामात वाटतो तो तुमचा, महाग म्हणून घेऊ नका आणि कुणीतरी सांगितलं म्हणून घेऊ नका. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, संध्याकाळी ट्राय करा कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की बदला. बायकांना चांगली स्पोर्ट्स ब्रा शूजइतकीच गरजेची आहे आणि हे पहिल्या दिवसापासून. बाकी घड्याळ, बेल्ट, गॉगल काहीही लागत नाही. पाणी तहान लागेल तसं प्या, अर्ध्या तासाच्या पळण्यात बाटली घेऊन फिरायची गरज सहसा पडत नाही. उन्हाळा सुरू झाला की पहिले दहा-चौदा दिवस स्पीड विसरा, शरीराला उष्णतेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. ताप असताना पळायचं नाही.

सवय लागते म्हणजे काय होतं

एकवीस दिवसांत सवय लागते हे खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या टीमने हे मोजलं होतं, त्यात वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या सवयी अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला आणि पसारा १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. व्यायामाच्या सवयींना खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. पण त्यातली मला सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट ही की मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर काही खास परिणाम झाला नाही. म्हणजे एक दिवस बुडाला म्हणून "झालं, संपलं आता" असं म्हणणाऱ्यांनी निवांत व्हावं. मी फक्त एवढं सांभाळायला सांगतो की लागोपाठ दोन ठरलेले दिवस बुडू देऊ नका, दोनाचे चार व्हायला वेळ लागत नाही.

वेळ ठरवा, आणि नुसती घड्याळातली वेळ नको, कशानंतर पळायचं ते ठरवा. पोरं शाळेच्या बसमध्ये बसली की, ऑफिसमधून येऊन बॅग ठेवली की, दात घासून झाले की. एखाद्या रोजच्या गोष्टीला पळणं बांधलं की डोक्याला दरवेळी नवा निर्णय घ्यावा लागत नाही, आणि मन नेमकं त्या निर्णयाच्या वेळीच पळवाट काढतं. कपडे-बूट आदल्या रात्री एका जागी. आणि ज्या दिवशी अजिबात इच्छा नाही त्या दिवसासाठी वेगळा करार ठेवा, बूट घालून दहा मिनिटं बाहेर जायचं आणि तरीही नको वाटलं तर खुशाल परत यायचं. बहुतेक वेळा परत यावंसं वाटत नाही, आणि आलात तरी तो दिवस भरला असं समजा.

माणसं शोधा. एकट्याने पळण्याची मजा वेगळी आहे आणि काहींना तीच हवी असते, पण पहिल्या तीन महिन्यांत कुणीतरी कोपऱ्यावर वाट बघत उभं आहे ही गोष्ट अंथरुणातून बाहेर काढते, तेवढं काम कुठलाच अलार्म करत नाही. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-हेविट या माणसाने, स्वतःला दुखापत झालेली असताना, मित्रांना भेटायचं निमित्त म्हणून शनिवारी सकाळी पाच किलोमीटर पळायचं ठरवलं, तेरा जण आले. त्याचंच पुढे पार्करन झालं, आता कितीतरी देशांत दर शनिवारी लाखो लोक फुकट पळतात, चालतात, नुसती मदत करायलाही येतात. सुरुवात बघा ना, मित्रांना भेटायचं होतं, बस.

फक्त ग्रुप निवडताना बघा की तिथे सगळ्यात हळू पळणाऱ्याचं काय होतं. त्याला मागे सोडून सगळे निघून जात असतील तर दुसरा ग्रुप शोधा. ॲपचंही तसंच, स्वतःचे गेल्या महिन्यातले आकडे बघायला चांगलं आहे, दुसऱ्यांचे आकडे बघून चांगला झालेला सकाळचा तास वाईट वाटायला लागला तर ते काही दिवस फोनवरून काढून टाका.

बरेच लोक नंतर जे कारण सांगतात ते म्हणजे तो अर्धा तास कुणाचाच नसतो, माझा असतो. विशेषतः बायकांकडून हे मी सारखं ऐकतो. दिवसभर कुणी ना कुणी हाक मारत असतं, आणि या अर्ध्या तासात कुणालाही उत्तर द्यायचं नसतं. आणि हा हक्कही काही आपोआप मिळालेला नाही, बोस्टन मॅरेथॉनमध्ये बायकांना अधिकृतपणे पळायला १९७२ मध्ये मिळालं, त्याआधी १९६६ मध्ये बॉबी गिब तिथे स्टार्टजवळच्या झुडपात लपून बसली आणि गर्दीत शिरून पूर्ण अंतर पळाली. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं. घरातल्या लोकांनी तो अर्धा तास सांभाळून द्यावा, याला मी मोटिवेशनच्या शंभर व्हिडिओंपेक्षा जास्त मानतो.

रनर्स हाय, म्हणजे पळताना किंवा पळाल्यावर येणारी ती एकदम छान, तरंगल्यासारखी धुंदी, त्याबद्दल विचारतात सगळे. ते असतं, पण सगळ्यांना नाही आणि रोज तर नाहीच, त्यामुळे त्याची वाट बघत पळू नका. आधी ते एंडॉर्फिनमुळे, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या वेदना कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे होतं असं सांगायचे, पण २०२१ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी औषध देऊन एंडॉर्फिनचा रस्ता अडवला तरी लोकांना पळाल्यावर तसंच छान वाटलं, म्हणून आता शरीरात तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या द्रव्यांकडे बोट दाखवतात. मला जास्त भरवशाचं वाटतं ते नंतरचं, आंघोळ झाल्यावर दोन-तीन तास जो निवांतपणा राहतो तो, सकाळी ज्या मेलने डोकं फिरलं असतं तोच मेल वाचून शांतपणे उत्तर देता येतं. हे दुसरं कारण येताना असंच येतं, आपल्याला कळत पण नाही, न पळालेल्या दिवशी घरातलं कुणीतरी म्हणतं की आज तू चिडचिड करतोयस, पळून ये जा.

फौजा सिंग यांचं नाव ऐकलं असेल. मुलगा अपघातात गेल्याच्या दुःखातून सावरायला म्हणून ते म्हातारपणी पळण्याकडे वळले, २००० मध्ये लंडन मॅरेथॉन पळाले तेव्हा पासपोर्टप्रमाणे वय ८९, आणि २०११ मध्ये टोरंटोची मॅरेथॉन पूर्ण केली तेव्हा १००. दुःख हे सुरू करायचं कारण होतं, पण अकरा वर्षं नुसतं दुःख माणसाला पळवत नाही, पुढे त्यात दुसरं काहीतरी आलंच असणार.

सहा महिन्यांनी येणारा कंटाळा

सुरुवातीला दर आठवड्याला काहीतरी सुधारतं, मग एक दिवस सुधारणा थांबते. तोच रस्ता, तोच वेळ, तोच आकडा. पहिली रेस पळून झाल्यावर तर हे हमखास होतं, एवढे दिवस त्या तारखेकडे बघून पळत होतो आणि आता कशासाठी असं वाटतं. हे माहीत असू द्या म्हणजे पळण्यातला रस संपला असा अर्थ काढणार नाही. रेसच्या आधीच ठरवून ठेवा की त्यानंतरच्या आठवड्यात कुठे, कुणाबरोबर, घड्याळाशिवाय पळणार आहात. रस्ता बदला, उलट्या दिशेने पळा, आठवड्यातल्या एका दिवशी शेवटी पंधरा-वीस सेकंदांचे चार-पाच मोकळे स्पीडचे तुकडे टाका, एक दिवस चढ घ्या. बाकीचं मात्र हळूच राहू दे, स्टीफन सायलर या संशोधकाने जगातल्या उत्तम खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या तर त्यांचाही ऐंशी टक्क्यांच्या आसपास सराव सोपा, बोलता येईल असा निघाला. त्यांना हळू पळणं परवडतं तर आपल्याला का नाही. आणि आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं असं पंधरा-वीस मिनिटं करा, कंटाळवाणं आहे पण पोटऱ्या आणि खुबे मजबूत राहतात.

मोठा खंड पडला, आजारपण, बाळ, परीक्षा, नोकरी बदलली, तर परत येताना जुना आकडा डोक्यातून काढा. एक आठवड्याने काही बिघडत नाही. दोन-तीन आठवडे गेले तर दम कमी झालेला जाणवतो, तेव्हा आधीच्या अर्ध्यापासून सुरू करा. तीन-चार महिने गेले तर सरळ चालणं-पळणं, पहिल्या आठवड्यापासून. दुसऱ्यांदा ते पहिल्यापेक्षा लवकर जमतं, पण वर सांगितलेली नडगीची काळजी तशीच घ्यायची.

आणि समजा तीन महिने नीट केलंत, हळू पळालात, कुणी सोबतही होतं, आणि तरी प्रत्येक वेळी नको वाटतंय. तर सोडून द्या. सायकल, पोहणं, नाच, भरभर चालणं, वर सांगितलेल्या आठवड्याच्या व्यायामाच्या मिनिटांमध्ये हे सगळं धरतात. फक्त सोडायच्या आधी एक बदल करून बघा, दोन आठवडे आत्ताच्या स्पीडपेक्षा किलोमीटरमागे एक मिनिट जास्त घ्या आणि पळायची वेळ बदला, सकाळचे असाल तर संध्याकाळी. त्यानेही फरक पडला नाही तर बूट चालायला वापरा, चालायलाही ते चांगलेच असतात.